दोन ओळींमधला घास

वंदनीय अध्यक्षमहाराज, आपल्या 'सांजविसावा' वृद्धनिवासाचे माननीय चिटणीससाहेब, मुंबई-पुण्याहून वाट वाकडी करून तुंगार्लीपर्यंत आलेले विश्वस्त, लोणावळ्यातील बंधुभगिनी, मागे सतरंजीवर बसलेले आमचे आजी-आजोबा, आणि आजच्या समारंभाच्या मानकरी झुंबरबाई,

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. झुंबरबाईंनी अकरा वर्षं इथलं स्वयंपाकघर सांभाळलं, आणि ज्यांना स्वतःच्या हातानं जेवता येत नाही त्यांना भरवलं. मानपत्र मी लिहिलं आहे, म्हणून चार शब्दही मीच बोलावेत असं चिटणीससाहेबांनी सुचवलं. हा माझा मोठाच गौरव आहे. मी इथली लेखनिक. रोजची नोंदवही लिहिते. कोण किती जेवलं, कोण पडलं, कोण रडलं, एवढंच त्यात असतं.

भाषणाचा कागद मी काल साहेबांना दाखवला होता. त्यांनी तो पसंत केला. आता मी जे सांगणार आहे ते सगळं त्या कागदावर नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे फसवलं असं नंतर कोणाला वाटायला नको.

व्यासपीठावर झुंबरबाईंसाठी खुर्ची ठेवली आहे, ती रिकामी दिसते आहे. त्यावरून कोणी गैरसमज करून घेऊ नये. झुंबरबाई मागे सतरंजीवर बसल्या आहेत. त्या म्हणाल्या, "खुर्चीत माजं पाय लोंबकाळत्यात. मी हितंच बरी."

मानपत्रात 'गोड गळ्याच्या' असे शब्द आहेत. शब्द माझे नाहीत, अक्षर माझं आहे. झुंबरबाईंना ज्यांनी ऐकलं आहे त्यांना ठाऊक आहे, खडीवरून फावडं ओढावं तसा तो आवाज आहे. काल मी मानपत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "गोड गळा? कुनाचा गं? दुसरी कोन झुंबर हाय का हितं?"

विश्वस्तांच्या हातात वार्षिक अहवाल आहे. त्यात सातव्या पानावर 'संगीताचा वृद्धांच्या मनावर होणारा इष्ट परिणाम' असा मजकूर आहे, आणि शेजारी आपल्या पाचच्या भजनातल्या पेटीचं छायाचित्र आहे. मजकुरात म्हटलं आहे की स्मृती गेलेले एक वृद्ध गृहस्थ अन्न घेत नव्हते, ते सांगीतिक वातावरणामुळे दीड भाकरी जेवू लागले. हे खरं आहे. दीड भाकरी हा आकडा माझ्याच नोंदवहीतला आहे. फक्त त्या वेळी पेटी वाजत नव्हती.

त्या गृहस्थांचं नाव कोंडाजी. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगचे ते मुकादम होते. रूळ सरकवायचे, खडी ठोकायची, आणि पंचवीस माणसांकडून एका दमात जोर लावून घ्यायचा, हे त्यांचं काम. म्हातारपणी त्यांना काही आठवेनासं झालं. डॉक्टर त्याला मेंदूची झीज म्हणतात, गावात म्हातारचळ म्हणतात. ते पहाटे उठून लाइनीवर चालू लागायचे, रूळ तपासायला. एकदा मालगाडीच्या ड्रायव्हरनं शिट्ट्या मारमारून गाडी थांबवली, तेव्हा त्यांचा मुलगा बारकू इथं हात जोडून आला. तो देहूरोडच्या डेपोत कामाला आहे. विश्वस्तांनी कृपाळूपणे कोंडाजींना जागा दिली. त्याबद्दल आम्ही ऋणीच आहोत.

इथं आल्यावर त्यांचं लाइनीवर जाणं थांबलं, आणि हळूहळू बोलणं आणि जेवणंही थांबलं. अकरा दिवस ते ओसरीवर भिंतीला टेकून बसून होते. चमचा ओठाला लावला की तोंड घट्ट मिटायचं.

बाराव्या दिवशी स्वयंपाकघरात उंदीर झाले म्हणून तांदळाची लोखंडी कोठी हलवायची होती. आमचा माळी गेणू तिच्याखाली पहार घालून घामाघूम झाला होता. झुंबरबाई म्हणाल्या, "आरं, मुक्यानं काय जोर लावतूस? मुक्यानं कदी काय हललंय?" आणि त्यांनी एक ओळ म्हटली: "साहेबाची मडम चढली घाट." गेणू म्हणाला, "हैश्शा."

ज्यांनी हे ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गँगमधली माणसं रूळ उचलताना गातात. मुकादम ओळ म्हणतो, आणि 'हैश्शा' म्हणताना सगळे मिळून पहारीवर जोर देतात. झुंबरबाईंचे यजमान बहिरू त्याच घाटात गँगमध्ये होते. भाकरी पोचवायला जाऊन जाऊन त्यांना ती गाणी पाठ झाली. ही गाणी काही आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात बसणारी नाहीत. एवढ्यावर आपण समजून घ्याल.

तर झुंबरबाईंनी पहिली ओळ म्हटली, आणि ओसरीवरून आवाज आला, "पहार नीट लावा रे. पाय सांबाळा." आणि त्याच दमात दुसरी ओळ. आम्ही वळून पाहिलं. कोंडाजी उभे होते. गेणू इतका हसला की पहार त्याच्या हातातून सुटली, आणि कोठी त्या दिवशी हललीच नाही. झुंबरबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत भिजवला आणि विचारलं, "मुकादम, जेवनाची सुट्टी झाली न्हवं?" कोंडाजी म्हणाले, "झाली की. गँग बसली का?"

त्या दिवशी ते दीड भाकरी जेवले.

मग रोजचंच झालं. पहिली ओळ झुंबरबाईंची, दुसरी कोंडाजींची. 'हैश्शा' म्हणायला त्यांचं तोंड उघडायचं, आणि ते म्हणून झालं की पुढची ओळ सुरू व्हायच्या आत घास जायचा. तो चावून होईपर्यंत झुंबरबाई थांबायच्या. तिसऱ्या ओळीत मुकादमाचीच थट्टा आहे. तिला ते न चुकता हसायचे. बारकू भेटायला यायचा, त्याला ते ओळखत नव्हते, पण एकदा त्याच्याकडे बघून म्हणाले, "ह्यो नवा गडी कोन? हात चांगलं हायती." बारकू बाहेर जाऊन रडला. डॉक्टर म्हणाले, "मला यातलं कळत नाही. पण वजन वाढलंय. चालू द्या."

मला अन्याय करायचा नाही. पाचच्या भजनाचाही उपयोग होतो. सावित्राबाईंना आपण कुठं आहोत हे कळत नाही, पण हातात टाळ दिले की त्यांचं रडणं थांबतं. तेही मी लिहून ठेवलं आहे. सावित्राबाईंनी जन्मभर भजन केलं, त्यांना भजन लागू पडलं. कोंडाजींनी जन्मभर रूळ उचलले. एका बाटलीतलं औषध आपण सगळ्यांना देतो का?

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी अकरा वर्षांची होईपर्यंत शाळा पाहिली नाही. आमचे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, कामशेतला तांदळाच्या वखारीत कारकून होते. त्यांनीच मला घरी शिकवलं. आज ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांनी लिहिण्याचे दोन नियम घालून दिले. खरं असेल तेच लिहायचं. आणि चारचौघांत वाचून दाखवता येणार नाही असं लिहायचं नाही. हे दोन नियम एकमेकांच्या आड येतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

गाण्याचे शब्द वहीत लिहिणं शक्य नव्हतं. लपवणंही शक्य नव्हतं. म्हणून मी लिहिलं: 'आज झुंबरबाईंनी अश्लील गाणे म्हणत कोंडाजी यांस भरविले. दीड भाकरी, वाटीभर आमटी, थोडा भात.' मला वाटलं, मी दोन्ही नियम पाळले. 'अश्लील' हा शब्द मी घातला. तो घालायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

महिन्याच्या अखेरीस चिटणीससाहेबांनी वही पाहिली. दीड भाकरी त्यांना तेव्हा दिसली नाही. अहवालाच्या वेळी दिसली.

ते रागावले नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ते शांतपणे म्हणाले, "झुंबरबाई, हे देवाचं घर आहे."

त्या म्हणाल्या, "देवाच्या घरात भूक न्हाई लागत व्हय, साहेब?"

"चाल हवी तर तीच ठेवा. शब्द बदला."

"शब्द मी न्हाई केलं. मी कशी बदलू?"

तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला अभंग-आर्या पाठ आहेत, थोडं जुळवता येतं. मी एका दुपारी बसून आठ ओळी केल्या. 'रामाचे नाम घेऊ या आज, हैश्शा. सोपे होईल सारे काज, हैश्शा.' मात्रा बरोबर होत्या. साहेब शाबास म्हणाले. मला आनंद झाला होता, हेही सांगितलं पाहिजे.

झुंबरबाईंना धुण्यावर घातलं, आणि कोंडाजींना भरवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं गाणं नीट ऐकून घेतलं. मी थांबले. दुसरी ओळ त्यांना येणार कुठून? ती मीच म्हटली. अर्धी भाकरी कशीबशी गेली. तिसऱ्या दिवशी चार घास. सहाव्या दिवशी त्यांनी माझा हात बाजूला केला, अगदी हळू, लहान पोराची समजूत घालावी तसा. म्हणाले, "बाई, ह्यानं रूळ हलायचा न्हाई."

त्यानंतर ते बोलले नाहीत. हे वाक्य नोंदवहीत नाही. नंतर बारकूनं मला विचारलं, "आबा शेवटी काय म्हनलं का?" मी म्हणाले, "शांत होते." तेही खरं नव्हतं. बारकू, तू मागे उभा आहेस. आज ऐक.

एकोणीस दिवस असे गेले. मी दोनदा साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "सवय होईल." झुंबरबाई धुण्याच्या दगडावरून मला म्हणाल्या, "पोरी, तुला येतंय की समदं. दार लाव आन् म्हन. कोन ऐकतंय?"

आणि खरंच मला येत होतं. महिनाभर शेजारी बसून लिहिताना सगळं पाठ झालं होतं. सतराव्या दिवशी भर दुपारी मी त्यांच्या खोलीचं दार लावलं. खिडकी लावली. ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते वाट पाहत होते असं मला वाटलं, पण माझा तो भास असू शकेल. माझी जीभ उचलली नाही. मी पुन्हा रामाचे नाम घेऊ या म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवसांनी ते गेले. दाखल्यावर 'वार्धक्य' असं कारण आहे. ते खोटं आहे असं मला म्हणता येणार नाही.

झुंबरबाई वयोमानाप्रमाणे निवृत्त होत आहेत, असं मानपत्रात लिहिलं आहे. मागच्या आठवड्यात, गाणं म्हणायचं नाही या अटीवर, त्यांना पुन्हा भरवण्याच्या कामावर घेतलं होतं, तेव्हा त्या साहेबांना काय म्हणाल्या ते मी ऐकलं. "मुक्यानं घास भरवाया मला न्हाई जमत, साहेब. जनावराला वैरन टाकताना बी आमी चार शब्द बोलतो." याला निवृत्ती म्हणतात की नाही, मला माहीत नाही. शाल आणि नारळ तर आणलेच आहेत.

अध्यक्षमहाराज, आपण घड्याळ पाहिलंत. पाच मिनिटं केव्हाच संपली. शेवटी चूकभूल पदरात घ्या असं म्हणण्याची रीत आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात वेळेची आणि मर्यादेची चूक झाली असेल तर ती माझ्या एकटीची आहे, झुंबरबाईंना त्याचा बोल लावू नये. माझी मोठी चूक मी सांगितली. तिची क्षमा ज्यांच्याकडे मागायची ते इथं नाहीत, म्हणून ती मागत नाही.

भाऊ, तुमचा दुसरा नियम आज मी मोडते आहे. झुंबरमावशी, दार लावून जे म्हणता आलं नाही ते दारं उघडी असताना म्हणते. चुकलं तर सांगा.

साहेबाची मडम चढली घाट. हैश्शा.
वाऱ्यानं धरली झग्याची वाट. हैश्शा.
मुकादम म्हनतो, डोळं झाका. हैश्शा.
एक उघडा ठिवून खाली वाका. हैश्शा.

एवढंच आहे, अध्यक्षमहाराज. एवढ्यासाठी.

आपली रजा घेते.