आमटीची तक्रार

त्या आमटीचं तुम्हाला सांगितलं का? कोथरूडमधल्या प्रत्येक एकट्या माणसाला घरचं जेवण मिळालंच पाहिजे, म्हणून मी घरातून रोज शंभर डबे पुरवायचा ध्यास घेतला होता. एका दुपारी अनोळखी नंबरवरून मेसेज आला : ‘आमटी पाणचट होती.’

मी लिहिलं, ‘माफ करा. पत्ता द्या, दुसरी पाठवते.’

पत्ता आमचाच! पलीकडच्या खोलीत बाबा डबा उघडून बसलेले. डबे पोचवणारा माझा धंद्यातला पार्टनर मंदार सगळे डबे घेऊन खाली जायचा आणि त्यातलाच एक गुपचूप परत वर आणून त्यांना द्यायचा.

“बाबा, तुम्ही डबा लावलात?”

“ओट्यावरचं सगळं गावाला जातं. आपल्याला काय उरतं?”

मला रडूच आलं. डबे निम्मे केले आणि जाहीर केलं, “उद्यापासून आधी आपलं ताट!”

बाबा दचकले. “म्हणजे माझा डबा बंद? अहो मॅडम, निदान गिऱ्हाईक म्हणून तरी माझं ऐकत होतात!”