पोस्टरवरची मुलगी

(कॉलेजमधली एडिटिंगची खोली, दुपारची वेळ. दिग्दर्शक शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. समोर बसलेला पोस्टमन नोकरीतून निवृत्त झालेला.)

पोस्टमन : नाही, पाणी नको. मुलगी कुठे आहे तेवढं सांग.

दिग्दर्शक : काका, ती हरवलेलीच नाही. ते "हरवली आहे"चं पोस्टर आमच्या ट्रेलरच्या जाहिरातीचं होतं. भुताची फिल्म आहे, छोटीशी. कोपऱ्यात चौकोनी कोड आहे बघा, त्यावर मोबाईल धरला की ट्रेलर उघडतो.

पोस्टमन : माझा मोबाईल बटणांचा आहे.

दिग्दर्शक : हां. ते आमच्या डोक्यात नाही आलं.

पोस्टमन : खाली नंबर होता. तो मी लावला.

दिग्दर्शक : तिथे रेकॉर्ड केलेला मेसेज आहे.

पोस्टमन : "मी इथेच आहे. आत. दार उघडा." मग धाप लागल्यासारखा श्वास, आणि फोन बंद. नऊ वेळा लावला. दरवेळी तेवढंच. मला वाटलं, घाबरलेलं माणूस एकच वाक्य धरून बसतं.

दिग्दर्शक : लोकांना तोच मेसेज सगळ्यात आवडला. चाळीस हजार व्ह्यूज आलेत ट्रेलरला, चार दिवसांत.

पोस्टमन : असतील. ती कुठे आहे?

दिग्दर्शक : वर्गात आहे, बोलावलंय. पण तुम्हाला आमचा पत्ता कोणी दिला?

पोस्टमन : चौकीतल्या हवालदाराने. त्याने पोस्टरच्या कोडवर मोबाईल धरला, ट्रेलर पाहिला, पोट धरून हसला आणि मग मला दाखवला. शेवटी तुमच्या कॉलेजचं नाव येतं.

दिग्दर्शक : तुम्ही चौकीत तक्रार द्यायला गेला होता?

पोस्टमन : गेलो नव्हतो. मला नेलं होतं. कुलूप तोडलं म्हणून.

दिग्दर्शक : कुठलं कुलूप?

पोस्टमन : बंद छापखान्याचं तळघर. असं बघ, ती म्हणते "आत, दार उघडा", म्हणजे कुठल्या तरी बंद घरात असणार. आणि कुठली घरं बंद आहेत हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? एकतीस वर्षं त्याच गल्ल्यांत बटवडा केला. पत्रपेटी तुंबली की समजायचं घर बंद. अशी सतरा घरं निघाली. प्रत्येक दाराला कान लावला. सोळा घरं चिडीचूप. छापखान्यात मात्र टकटक ऐकू आली.

दिग्दर्शक : आणि?

पोस्टमन : नळ गळत होता. किल्लीवाल्याला घेऊन गेलो होतो, तो बिचारा माझ्या शब्दावर आला. मालक धावत आला आणि दोघांची वरात काढली चौकीपर्यंत. त्या गल्लीत लग्नाच्या पत्रिका वाटल्या मी, मृत्यूच्या तारा वाटल्या. माझ्याविरुद्ध तक्रार म्हणून झाली ती ही पहिली.

दिग्दर्शक : काका, विचारू नये, पण तुमचं कोणी... म्हणजे घरातलं कोणी हरवलं होतं का कधी?

पोस्टमन : नाही रे. दोन्ही मुलं ठणठणीत आहेत. नको तितके फोन करतात.

दिग्दर्शक : मग एवढं का शोधलंत?

पोस्टमन : खाली लिहिलं होतं ना, "कृपया शोधा". वाचता येतं मला.

नायिका : (आत येत) बोलावलंस? मला पुढचा तास आहे... हे कोण?

दिग्दर्शक : हे काका पोस्टमन होते. यांनी तुला शोधलं. म्हणजे खरंच शोधलं. पोस्टर खरं वाटलं त्यांना.

पोस्टमन : उभी राहा जरा उजेडात. हां. तीच आहेस. पोस्टरवर फार खंगलेली दिसतेस.

नायिका : मेकअप होता, काका.

पोस्टमन : जेवलीस?

नायिका : हो. काका, मला खरंच कल्पना नव्हती. तो आवाज मी माझ्या घरी कपाटात बसून काढला. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून. हसू येत होतं, दोनदा करावं लागलं.

पोस्टमन : असू दे. तू धड आहेस, माझं काम झालं. निम्मं तरी.

दिग्दर्शक : काका, एक बोलू? रागावू नका. हे सगळं तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगाल? सतरा घरं, कुलूप, चौकी. दीड मिनिटाची क्लिप. असं कोणाकडेच नाही.

नायिका : काय बोलतोयस तू?

दिग्दर्शक : शुक्रवारी निवड आहे. ज्या ट्रेलरला जास्त प्रतिसाद, ती फिल्म बाहेर महोत्सवात जाणार. आपण दुसऱ्या नंबरवर आहोत. मी फक्त विचारतोय.

पोस्टमन : सांगेन की. घडलं ते सांगायला लाज कसली? पण लोक हसतील.

दिग्दर्शक : हसणार नाहीत. घाबरतील.

पोस्टमन : कोणाला, मला?

नायिका : काका, तुम्ही याचं ऐकू नका.

पोस्टमन : ऐकतो गं, बोलू दे त्याला. मी बसेन कॅमेऱ्यासमोर. पण आधी त्या नंबरवरचा निरोप बदला. आत्ता.

दिग्दर्शक : शुक्रवारनंतर लगेच बदलतो. तीनच दिवस.

पोस्टमन : मी एकटा शोधत नव्हतो. माझ्या सांगण्यावरून अकरा माणसं तो नंबर लावतायत. औषधाच्या दुकानातला लावतो, शाळेचा शिपाई लावतो. शिवणकामाच्या दुकानातल्या बाई सकाळ-संध्याकाळ लावतात. पोस्टरवर अंगात पातळ फ्रॉक आहे म्हणून त्यांनी एक स्वेटर काढून ठेवलाय. हवालदाराने मला हसत सांगितलं, मी समजलो. पण त्यांना कोण सांगणार?

दिग्दर्शक : तुम्ही सांगा ना.

पोस्टमन : सांगतोय, सकाळपासून. तिघांना सांगितलं. औषधवाला म्हणाला, चौकीत दमदाटी झाली म्हणून तुम्ही माघार घेताय. तो म्हणाला, तुम्ही थकलात तर मी शोधतो.

नायिका : नंबर कोणाच्या फोनवर आहे?

दिग्दर्शक : माझ्या. जुन्या. पण ऐक, मेसेज गेला की सगळी मजाच गेली. पोस्टरमध्ये बाकी आहे काय? लोक तो मेसेज ऐकायलाच फोन करतात, मग ट्रेलर बघतात. वर्षभर राबलोय आपण.

नायिका : मीही राबले. आवाज माझा आहे. फोन दे.

दिग्दर्शक : तुला कळतंय ना, काय सोडतोय आपण?

नायिका : कळतंय. दे.

दिग्दर्शक : ... ड्रॉवरमध्ये आहे. थांब, असं नको करूस. पंखा बंद कर आधी, घरघर येईल. तोंडापासून एवढा लांब धर. हां. बोल.

नायिका : नमस्कार. पोस्टरवरची मुलगी मीच. मी हरवले नव्हते. ते आमच्या फिल्मची जाहिरात होती. मी रोज घरी जाते, कॉलेजला येते, मला काहीही झालेलं नाही. तुम्ही मला शोधलंत...

दिग्दर्शक : का थांबलीस?

नायिका : पुढे काय म्हणू? माफ करा की आभार?

पोस्टमन : पहिलं आधी. दुसरं मग.

नायिका : परत पहिल्यापासून घेऊ?

दिग्दर्शक : नको. तिथूनच जोडतो मी. थांबलीस ते राहू दे, बरं वाटतंय.

पोस्टमन : झालं की मला एकदा लावून बघू दे. खात्री केल्याशिवाय सही घ्यायची सवय नाही.

दिग्दर्शक : लावा. चढवलाय.

पोस्टमन : ... हो. हिचाच आवाज. स्वच्छ येतो. चला, माझी क्लिप कधी घेणार?

दिग्दर्शक : राहू दे, काका.

पोस्टमन : मी शब्द दिलाय.

दिग्दर्शक : माहितीय. पण राहू दे. पोस्टरं किती दिसली तुम्हाला?

पोस्टमन : माझ्या गल्ल्यांत बावीस.

दिग्दर्शक : आम्ही साठ लावली होती. मी येतो काढायला. खळ घट्ट आहे, पाणी आणि पत्रा घेतो बरोबर.

पोस्टमन : ये. छापखान्यापासून सुरू करू. मालकाशी तू बोल, मला बघितलं की त्याचा पारा चढतो. आणि पोरी, तुझा तो तास बुडाला तर चालेल?

नायिका : बुडालाच आहे. मलाही पोस्टरं काढायची?

पोस्टमन : नाही. तू माझ्याबरोबर शिवणकामाच्या दुकानात चल. बाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही. "दार उघडा" एवढंच त्यांना कळलं होतं, तेही मी सांगितलं म्हणून.

नायिका : मी काय सांगू त्यांना?

पोस्टमन : काही नको. दुकानाच्या दारात नुसती उभी राहा. त्यांना तुझा चेहरा पाठ आहे.