टाकीतली हवा

मी हरेश्वर, दातिवऱ्याचा. तुम्ही विचारायला आलात म्हणून सांगतो बाई, एका जागी बसणं मला कधी जमलंच नाय, आये म्हणायची ह्याच्या अंगात कोळंबी शिरलीय. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं का सुरी घेऊन मीच खाली जायचो, दम कोंडून, आणि जाळं सुटल्याबिगर वर येत नव्हतो.

मग आमची बोट फुटली वादळात. तारापूरकडं एका कारखान्याला समुद्राचं पाणी लागायचं, ते पाणी आत घेतात तिथली लोखंडी जाळी साफ करायला पाणबुडे घेत होते, तिथं गेलो. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. बाकीचे अजून खाली, आणि माझी टाकी संपलेली, मी वर. रोज तेच. आमचा उस्ताद केरळकडचा, हिंदी बोलायचा, म्हणाला तू हवा पीता है के खाता है, आठ दिन में सुधर, नहीं तो घर जा. घरी जाऊन काय, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी?

माझं काय व्हायचं, हवा वाचवायची म्हणून मी दम कोंडायचो, बोटीखाली कोंडायचो तसा, आणि मग दुप्पट ओढायचो. उस्ताद ओरडला, दम मत रोक, ऊपर आते वक्त फेफड़ा फटेगा. डोक्याला कळलं, अंगाला कळंना. घरी खाटेवर बसून श्वास ओढत होतो, तर हिरा, माझी बायको, बोंबील साफ करता करता हसली. म्हणाली, वल्हं मारताना असं करता का? वल्हं ओढलं का होडी जाऊ देता ना तिची ती?

दुसऱ्या दिवशी खाली गेलो, एका हातानं जाळी धरली, पाय हलवले नाय. श्वास घेतला, मग सोडला, लांब, होडी जाते तसा. उगाच हातपाय मारणं बंद झालं, बाई. काम होत ऱ्हायलं. रोजच्या वेळी वर आलो नाय, तर मी अडकलो असं वाटून उस्तादच खाली आला, टाकीचा काटा बघितला, बोटानं टकटक करून परत बघितला. वर आल्यावर बोलला, सो गया था क्या? कल टाइम पे आना.

आता कान दुखतात, डॉक्टर पाण्यात उतरू देत नाय. जमिनीवर माझी वळवळ परत सुरू, दहा वेळा बंदरावर जाऊन येतो. कधी ओट्यावर गप बसलो, लांब श्वास सोडला, का हिरा आतून विचारते, खाली गेलात का? मी म्हणतो हो, हाक मारू नको. तुमची मुलंबाळं सुखात ऱ्हावीत, बाई. चला, मी जरा बंदरावर जाऊन येतो.