सजवलेली गाडी नको

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय जयवंतराव, आदरणीय मुख्याध्यापिका जानकीबाई, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवृंद, आणि ज्यांचे विसरलेले डबे मी एकतीस वर्षं वर्गावर्गात पोचवले ती सगळी मुलं-मुली, सर्वांना जय भीम, नमस्कार.

याच व्यासपीठावर पाण्याचे ग्लास ठेवता ठेवता मी पुष्कळ भाषणं ऐकली. आज ग्लास माझ्यासमोर आहे. तेव्हा थोडं लांबलं तर घंटा वाजवू नका; ती इतकी वर्षं मीच वाजवली आहे.

अध्यक्षसाहेब आताच म्हणाले, मालनबाईंना फुलांनी सजवलेल्या गाडीतून घरी सोडू. आपल्या शाळेची ही जुनी रीत, आणि मी मनापासून आभारी आहे. पण मी त्या गाडीत बसणार नाही. गेटपाशी हिरवी लेडीज सायकल उभी आहे ना, ती माझी. मी तिच्यावरून नाहूरला घरी जाणार आहे.

रागावू नका, कारण ऐका. मी तीन माणसांना सायकल शिकवली. धाकटा भाऊ दशरथ, मग माझा नितेश, मग लेक सपना. तिघांच्या मागे कॅरिअर धरून पळाले, चपला तुटेपर्यंत पळाले. स्वतः एकदाही बसले नाही. लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणायचो, तो तास दशरथचा. "ताई, तू फक्त धर." लग्नानंतर ऐकलं, बाईमाणसाला शोभतं का? अहो, पदर खोचून मी भर रस्त्यात सायकलमागे धावत होते, तेव्हा का नाही कुणी विचारलं शोभतं का म्हणून?

यंदा दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या मैदानावर, माझ्या जोडीला शिपाईकाम करणाऱ्या आपल्या शकूने माझी सायकल धरली. शकू, लपतेस काय, उभी राहा! तीनदा पडले, कोपर सोलून निघालं. चौथ्यांदा ती ओरडली, "धरलंय गं मी, चालव तू!" आवाज लांबून आला. हिने सोडलंय, मला कळलं. कळणारच, हीच थाप मी तिघांना मारली होती! तरी पाय थांबवले नाहीत. अख्ख्या मैदानाला फेरी मारली आणि झेंड्याच्या खांबाला धरून रडले. सांगायला लाज वाटत नाही.

काल नितेश म्हणाला, "आई, तमाशा नको ना यार. रस्त्यावर कधी चालवलीयेस? सगळ्यांसमोर पडलीस तर वाट लागेल." तो पहिल्याच रांगेत बसलाय. बाळा, तू पडायचास तेव्हाही सगळे बघायचे. मी तुला घरी बसवलं का रे?

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. वाटेत पडले तर तेही घाला, पण उचलायला कुणी धावू नका. मला उठता येतं.

आणि नितेश, ही शाल आणि नारळ तू गाडीतून घेऊन ये. मला दोन्ही हात लागणार आहेत.