चमचाभर साखरेची चौकशी

...आणि वर मलाच विचारतात, "चमचा सपाट होता की शिगेचा?" आता काय बोलायचं, सांगा! तीस वर्षं डिस्पॅचला आहे मी, आमचे पंप खोक्यांत भरून बावीस देशांत पाठवतो, कुणी बोट दाखवलं नाही कधी, आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना माझ्यावर लाचेची चौकशी? कशाबद्दल? चमचाभर साखर... तीही सपाट!

झालं काय, तुम्हाला सांगतो. माल तपासायला कस्टमचे साहेब येतात. माणूस इतका कडक, की आमच्याकडचं पाणी पीत नाही, बाटली स्वतःची, डबा स्वतःचा, पंख्याखाली बसायचं तरी दहादा विचार करतात. आणि आमची कंपनी त्यांच्याहून कडक. मालक परदेशी, त्यांच्याकडचा कायदा असा की जगात कुठेही सरकारी माणसाला काही दिलंत तर तिकडे खटला. त्यामुळे आमच्या कम्प्लायन्सवाल्या बाई दर सोमवारी बजावतात, "चहासुद्धा नाही. पेनसुद्धा नाही. समजलं?" समजलं. साहेब शिंकले तर मी रुमालसुद्धा पुढे करत नाही.

तर एक दिवस साहेब डबा विसरले. उष्टा डबा, ठेवणार कुठे? घरी नेला, बायकोनं घासला, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ऑफिसात नेऊन दिला. संपलं ना? कसलं संपतंय! साहेबांनी समोरच झाकण उघडलं... आत पांढरी पूड. साहेब माझ्याकडे बघतायत, मी पुडीकडे बघतोय, शिपाई आम्हा दोघांकडे. घरी येऊन विचारलं तर बायको म्हणते, "साखर आहे ती. रिकामा डबा परत देतात का कुणाला?"

गोष्ट बाईंच्या कानावर गेली, त्यांनी मालकांना कळवली, आणि आठवड्यात परदेशातून दोन वकील हजर, एक उंच, एक बुटका, मध्ये दुभाषी. उंच म्हणतो, "साखर देण्यामागे अपेक्षा काय होती?" अहो, डबा एकदाचा जावा ही! "तुमच्या पत्नीचा कंपनीशी संबंध?" म्हटलं, माझ्यामार्फत. त्यावर कम्प्लायन्सवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. बुटक्यानं कँटीनमधून चमचा मागवला, म्हणे दाखवा किती. दाखवली... चमचाभर साखर, तीही सपाट. त्यानं फोटो काढला.

घरी बायकोचा चेहरा एवढासा. "माझ्यामुळे तुमची नोकरी जाणार का हो?" म्हटलं, छे गं, साखरेनं कुणाची नोकरी जाते? पण खरं सांगू, मनात तेच घोळत होतं. तीस वर्षं स्वच्छ काढायची आणि शेवटी लाच दिली म्हणून बाहेर पडायचं?

आणि तिसऱ्या दिवशी साहेबांचं पत्र आलं. बाईंनीच वाचलं, "डब्यात आढळलेली साखर, वजन चार ग्रॅम, दोन साक्षीदारांसमक्ष मोहोरबंद करून जमा केली. त्याच दुपारी सदर कंपनीची तीन खोकी नापास केली." तुम्हाला सांगतो, खोकी नापास झाल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता! लाच घेऊन कुणी नापास करतं का? वकिलांनी वह्या मिटल्या, बुटक्यानं हात मिळवला, बाई चक्क हसल्या. सुटलो हो, सुटलो. आणि चार ग्रॅम म्हणजे बघा, सपाटच!

साखरही परत मिळाली, एका सरकारी डबीत. खाली शिक्का, "डबी सात दिवसांत कार्यालयात जमा करावी." घरी आणली. बायकोचे डोळे भरून आले. साखर काढून घेतली, डबी घासली, आणि कपाटाकडे वळत म्हणते कशी, "एवढा भला माणूस... आणि डबी रिकामी पाठवायची?"

डबी मी तशीच ओली खिशात घातली आणि निघालो. साखरेचा डबा हल्ली माझ्या ऑफिसच्या तिजोरीत असतो. घरी आम्ही चहा बिनसाखरेचाच पितो.