डबा नंबर सातचा रंग

नाही, हात नका लावू. बघा हवं तितकं, वाकून बघा, पण हात नका लावू — सकाळपासून तिघांनी उचलून पाहिलाय हा रेल्वेचा एवढासा डबा, आणि त्यातल्या एकाची बोटं सॉसेज रोलनं तेलकट झालेली. काय म्हणालात आत्ता? हॉटेलच्या रिसेप्शनवर काचेच्या पेटीत ठेवायला अस्साच एक डबा करून हवाय, फक्त रंग तेवढा तुमच्या बागेतल्या डब्यासारखा. फक्त रंग तेवढा. बसा मॅनेजरबाई, ती घडीची खुर्ची ओढा आणि बसा. चहा तिकडे खिडकीपाशी मिळतो, पण घेऊ नका, सकाळी दहाला उकळलेलाच अजून चाललाय.

कुणी पाठवलं तुम्हाला माझ्याकडे? मालाकी स्वीनीनं? वाटलंच. आमच्या संस्थेचा अध्यक्ष तो. म्हणाला असेल, त्या डब्याचा स्क्रू न् स्क्रू पाठ असलेला माणूस पाहिजे तर त्या म्हाताऱ्या सुताराकडे जा, फक्त जरा तिरसट आहे. तिरसट म्हणाला ना? म्हणू दे. या हॉलभर मांडलेल्या रेल्वेच्या मॉडेलांमधून एक चक्कर मारलीत का तुम्ही? वीस टेबलं आहेत. त्यातल्या सतरा टेबलांवर इंग्लंडच्या गाड्या आहेत, हिरव्या रंगात बुडवून काढलेल्या, बाजूला आयरिश अक्षरांत पाटी, की झाली आयरिश गाडी. आमचे मोठे रूळ त्यांच्यापेक्षा सहा-साडेसहा इंचांनी रुंद असतात — मॉडेलमध्ये तो फरक येतो साडेचार मिलिमीटर. साडेचार मिलिमीटर म्हणजे काय, कुणाला दिसतंय, म्हणतात. मला दिसतंय. आणि इथे डोनेगलमध्ये तर उलटं, आमची लाईन अरुंद, तीन फुटी, तिच्यासाठी दुकानात काही म्हणजे काही तयार मिळत नाही. हे रूळ बघा, हे मी बसवलेत, रुळांखालचे स्लीपर एकेक करून कापलेत, अकराशे की बाराशे झाले असतील. नाही, कौतुक नको. कौतुकासाठी सांगत नाहीये. किळस येते म्हणून सांगतोय.

तुमच्या बागेत उभा आहे तो खरा डबा नंबर सात, तो शेवटचा कधी बघितला मी? जूनमध्ये. लग्न होतं कुणाचं तरी. तुम्ही त्याच्या टपावर धुरांडं बसवलंय. डब्याला धुरांडं, बाई. इंजिन पुढे, धूर तिकडे, डब्याला कशाला धुरांडं? तर म्हणे फोटोत बरं दिसतं. आणि पायरीखाली कर्णा, त्यातून मिनिटामिनिटाला झुकझुक. एक बाजू करवतीनं उभी कापून तिथे दारूचा काउंटर केलाय — पिचपाइन लाकडाच्या फळ्या होत्या त्या, शंभर वर्षं टिकलेल्या, त्यांचं पुढे काय केलंत? शेकोटीत गेल्या? नाही, सांगू नका. आणि रंग. तो पिस्त्याच्या आइस्क्रीमचा रंग. मी तिथे कुंपणापाशी उभा होतो आणि नवरीच्या मैत्रिणी त्या रंगापुढे उभ्या राहून ओठांचा चंबू करत होत्या. घरी जाऊन जेवलो नाही.

डबा कापला तेव्हा तुम्ही इथे नव्हता, ठीक आहे. डब्लिनहून आलात, मार्चमध्ये रुजू झालात, कापाकापी आधीच्या मॅनेजरच्या काळातली. मान्य. पण तो डबा तुमच्याकडे आला कसा, ते तरी विचारलंत का कुणाला?

मिसेस हार्किनच्या शेतात होता. लाईन बंद पडली तेव्हा डबे असेच विकले गेले, कुणी गवत ठेवायला नेला, कुणी कोंबड्यांना. हार्किनबाईंच्या सासऱ्यानं कोंबड्यांसाठी नेलेला. फेलिमला तो सापडला — फेलिम मॅकगिन, इथला पोस्टमन, सायकलवर आणि मग व्हॅनमधून चाळीस वर्षं घराघरांत पत्रं टाकली त्यानं. रोज त्या शेतावरून जायचा, आणि एक दिवस पत्र्याखालून खिडकीची कमान दिसली त्याला. माझ्याकडे आला, म्हणाला, तू सुतार आहेस, चल. गेलो. आत कोंबड्यांची घाण वीतभर साठलेली, जमीनच दिसेना. फेलिम घरून ब्रीदची — म्हणजे त्याच्या बायकोची — केक कापायची सुरी घेऊन आला आणि गुडघ्यावर बसून खरवडायला लागला. ब्रीदला ती सुरी परत कधी मिळाली नाही. मग आम्ही तो ट्रकवर घालून दुधाच्या सोसायटीच्या जुन्या शेडमध्ये आणला, संस्था काढली, मालाकी अध्यक्ष झाला कारण त्याच्याकडे टाय होता, आणि पुढची अकरा वर्षं दर शनिवारी मी आणि फेलिम. बाकीचे येऊन जाऊन. चौकटी मी केल्या, बाकं मी केली, सगळं पितळ त्यानं घासलं. एका बाकाच्या फटीत जत्रेच्या दिवसाचं तिकीट निघालं, तर त्यानं ते पाकिटात ठेवलं, जसं काही उद्या लागणार आहे. फारसं बोलायचो नाही आम्ही. एक फ्लास्क, दोन झाकणं. बास.

मग रंगाची वेळ आली.

आता हे नीट ऐका, कारण तुम्हीही रंगाचंच विचारत आलात. फेलिमचं म्हणणं, डबा लाल होता. गडद लाल, बिटासारखा. का? तर लहानपणी पंधरा ऑगस्टला, चर्चच्या सणाच्या सुट्टीला, आईबरोबर त्या गाडीतून समुद्रावर गेला होता आणि त्याला आठवत होतं. लाईन बंद झाली तेव्हा हा अकरा वर्षांचा. अकरा वर्षांच्या पोराची आठवण म्हणजे काय पुरावा झाला? मी काय केलं, बारीक कागद घेऊन एका कोपऱ्यात बशीएवढं गोल घासत गेलो, थर थर उलगडत. आधी डांबर, ते हार्किनांचं. मग हिरवा, त्याखाली दुसरा हिरवा, मग मळकट पांढरा, आणि सगळ्यात खाली तपकिरी. चॉकलेटी म्हणा. चार ठिकाणी घासून पाहिलं, चारही ठिकाणी तेच. लाल कुठे नाही. मी त्याला हाताला धरून नेऊन दाखवलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, मग मी दुसऱ्या डब्यात बसलो असेन. पण आवाज असा, की मला कळलं, याला पटलेलं नाही. रंगाच्या बाबतीत मी बरोबर होतो. आजही बरोबर आहे. तुमच्या वहीत लिहून घ्या हवं तर.

आणि त्यानंतर तो यायचाच बंद झाला. निघून गेला, अकरा वर्षांचं काम टाकून, एका रंगासाठी. असा माणूस.

काय? नाही, भांडण असं काही — कुणी सांगितलं तुम्हाला? मालाकीनं हेही सांगितलं? त्याच्या तोंडाला काही झाकण आहे की नाही. बरं. मग पूर्ण ऐका, त्याचं अर्धवट ऐकलेलं घेऊन जाऊ नका. मी आठवडाभर डेरी शहरात बहिणीकडे गेलो होतो, तिचं ऑपरेशन होतं. परत आलो तर शेडमध्ये एक दरवाजा लाल. एकच. फेलिम शेजारी उभा, हातात ब्रश, म्हणाला, फक्त बघायला लावला रे, कसा दिसतो ते. आणि मी — म्हणजे टर्पेंटाइनचा डबा तिथेच होता — मी पुसला तो. ओलाच होता अजून. त्याच्या समोर. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांतून, बिजागऱ्यांतून. पाच-दहा मिनिटं लागली असतील, तो तोवर उभा होता. मग त्यानं फ्लास्क उचलला, झाकण लावलं आणि गेला. झालं ते हे. भांडण कुठे झालं? कुणी आवाजसुद्धा चढवला नाही.

मीही जायचं सोडलं मग. म्हटलं, करा तुमचं तुम्ही.

त्याच हिवाळ्यात शेड पाडायची ठरली आणि तुमचं हॉटेल पुढे आलं, डबा आम्हाला द्या, छान ठेवू. मालाकी पाघळला. फेलिमनं मात्र जागा शोधली होती — मेव्हण्याची वखार, धक्क्याजवळ, आणि तिच्या मागे जुन्या लाईनची पट्टी तशीच मोकळी, दोनेकशे यार्ड. तिथे रूळ टाकता आले असते. डबा चालला असता, बाई. ढकलत का होईना, दोनशे यार्ड का होईना, चाकांवर. शनिवारी मतदान ठरलं, पबच्या वरच्या खोलीत. आठ मतं हॉटेलला, सात वखारीला. समसमान पडली असती तर आमच्या नियमाप्रमाणे डबा संस्थेकडेच राहिला असता. सोळावा सभासद कोण, ते विचारू नका.

विचारताच आहात तर — आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमाराला तो माझ्या दारावर आला. मी स्वयंपाकघरात होतो. काचेतून त्याची टोपी दिसली. मी रेडिओ बंद केला आणि बसून राहिलो. त्यानं ठोठावलं. थांबला. परत ठोठावलं. मग दारातली पत्रं टाकायची फट उघडल्याचा आवाज आला — चाळीस वर्षं त्याच फटीतून टाकत होता की माझी पत्रं, त्याला ठाऊक होतं तिथून घरभर ऐकू जातं ते — आणि म्हणाला, "यूनन, मी आहे. तपकिरी तर तपकिरी, मी स्वतः लावतो तुझ्याबरोबर. फक्त उद्या ये. एका मताचा प्रश्न आहे." मग, "येशील ना?" आणि फट बंद झाली.

मी उठलो नाही. का नाही उठलो, ते मला विचारू नका, मी सुतार आहे, पाद्री नाही. बरोबर होतो ना मी, आणि तोही म्हणाला की मी बरोबर, मग अजून काय हवं होतं मला? तो अजून थोडा वेळ थांबावा असं वाटत होतं बहुतेक. तिसऱ्यांदा ठोठावलं असतं तर उघडलंही असतं. असं म्हणतो आपलं. शनिवारी संध्याकाळी मी टेबलाशी बसून बटाटे सोलत होतो, एकट्या माणसाला लागतील त्याच्या तिप्पट सोलले, आणि पबमध्ये हात वर होत होते.

फेब्रुवारीत डबा तुमच्याकडे गेला. एप्रिलमध्ये फेलिम गेला. झोपेतच. मग मात्र गेलो त्याच्या घरी, न जाऊन कसं चालेल, सगळं गाव बसलेलं, हॅमचे सँडविच फिरत होते, शवपेटीत त्याला पोस्टाचा नाही, लग्नातला कोट घातलेला. मला वाटलं, ब्रीद मला आत येऊ द्यायची नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि शेजारी बसवलं. म्हणाली, "त्याला कधी राग नव्हता रे तुझा. त्या शुक्रवारी घरी आला आणि मला म्हणाला, यूननचे कान पार गेले, जन्मभर करवतीशेजारी उभा राहिला बिचारा. इतकं ठोठावलं, काही ऐकू आलं नाही त्याला." आणि मग माझ्याकडे वळून मोठ्यानं बोलली, कानाशी तोंड आणून, माणूस बहिऱ्याशी बोलतो तसं — "डॉक्टरला दाखव हो."

दाखवतो म्हणालो. अजूनही ती मला रस्त्यात दिसली की मोठ्यानं बोलते, आणि मी कानामागे हात धरतो. दीड वर्ष झालं.

लख्ख ऐकू येतं मला. तुम्ही आत्ता तो मोबाइल पर्समध्ये ठेवलात ना, तेही ऐकलं.

नाही, रुमाल नको. आणि असं बघू नका माझ्याकडे, तसं काही नाहीये. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, या हॉलमध्ये पुष्कळ जण आहेत, मागाल त्या रंगात देतील, धुरांड्यासकट देतील. ती खुर्ची होती तिथे लावून ठेवा. त्या मागच्या बाईंना बघायचंय, आणि तुम्ही उजेड अडवताय.