ओल्या चामड्यावरचं माप

मल्लव्वा : बस की भार्गवी. रिक्षावाला थांबतोय.

भार्गवी : नको मल्लव्वामावशी, आई घरी एकटी आहे. आप्पांचा जोड झाला ना?

मल्लव्वा : झाला की. ही बघ, डावी आखूड, उजवी लांब. तुज्या आप्पाला माज्याबिगर कुणाची चप्पल कदी बसली न्हाय. तेराव्याच्या दानाला तयार जोड कुणी आनला?

भार्गवी : आशिषदादानं. बाजारातून. घाईगडबडीत कुणाच्या लक्षात येणार, मावशी?

मल्लव्वा : अगं, येवड्या लांबच्या वाटंला मानूस पाय घासत कसा जाईल? माघारीच येनार की.

भार्गवी : येतातच. रोज तिन्हीसांजेला जिन्यात एक पाय ओढल्याचा आवाज. जुळे सोलापुरातला फ्लॅट तो, वरचे-खालचे सगळे ऐकतात, बोलत कुणी नाही. आणि आई उठून दार उघडते. "आले गं," म्हणते. हसते, मावशी! मला त्या हसण्याचीच भीती वाटते.

मल्लव्वा : म्हनून तर तुला माज्या सासूची रीत सांगितली. गेलेल्याचं माप घ्यायचं तर ओलं चामडं उंबऱ्यात ठिवायचं.

भार्गवी : ठेवलं. सकाळी न बघताच गुंडाळून तुम्हाला आणून दिलं. आता हा जोड गुरुजींना दिला की आप्पा सुटले, आईही सुटली. द्या, निघते.

मल्लव्वा : थांब, दुसरा जोड राह्यला.

भार्गवी : दुसरा कुणाचा?

मल्लव्वा : ह्यो बारका, बायमानसाचा. चामड्यावर दोगांची पावलं हुती की, शेजारी शेजारी. मला वाटलं, घरातल्या कुणाचं माप तूच घेतलंस.

भार्गवी : मी त्यावर कुणाला पाय ठेवू दिला नव्हता.

मल्लव्वा : मग हे बघ. बारीक पाऊल, करंगळी वाकडी. आन् बोटात जोडव्याची खूण.

भार्गवी : करंगळी... आईचीच आहे. पण जोडवी कशी असतील? आप्पा गेले त्या दिवशी मीच काढली तिच्या पायातली.

(मल्लव्वा छोटा जोड फडक्याखाली सारते.)

मल्लव्वा : ह्यो मी आत्ताच उसवते. तू घरी जा. तुज्या आईला सोडून हलू नगंस.

भार्गवी : मावशी, चालताना चप्पल करकर वाजावी म्हणून तळात बी घालतात, ते ह्यात घातलंय का?

मल्लव्वा : आप्पाच्यात घातलंय. त्यास्नी वाजल्याबिगर चालायचं न्हाय. ह्या बारक्यात घालाया घेतलं, पर हातच चालंना. का गं?

भार्गवी : निघताना आई बोलली होती. मला वाटलं, दुःखात काहीतरी बरळतेय. म्हणाली, "त्यांची वाजू दे. माझी मात्र न वाजणारी करायला सांग. पोरांची झोप मोडायला नको."